मालिकांचे निमित्त

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लिहून द्यावे, असा निरोप घेऊन मंडळाच्या चिटणीसबाई एका संध्याकाळी माझ्या घरी आल्या. वेळ मालिकेची होती. "जाहिराती लागेपर्यंत बसा," असे मी त्यांना म्हणाले, आणि त्याही मुकाट्याने बसल्या. जाहिराती लागल्यावर त्यांनी सांगितले की, गाविलगडावर एकजण लिहीत आहेत. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हे ठिकाण पडले, तो प्रसंग दुसरीने घेतला आहे. कॉफीच्या मळ्यांचा विषय तिसरीकडे गेला आहे. तेव्हा तुम्ही काय घेता? मी म्हटले, "मालिका घेते." त्या हसल्या. "काकू, मालिका हा काय इतिहासाचा विषय झाला?"

हे हसणे मला नवीन नाही. घरातील पुरुषमंडळी हसतात, शिकलेल्या सुना हसतात, आणि ज्या बायका स्वतः रोज पाहतात त्याही चारचौघांत "आम्ही नाही बाई असलं काही पाहत" असे म्हणतात. मी मात्र आरंभीच कबूल करते की, मी मालिकावेडी आहे. सात वाजण्याच्या आत माझ्या पोळ्या झालेल्या असतात, आणि त्या पुढील तीन तासांत कोणाच्या घरी काय चालले आहे हे मला तोंडपाठ असते. चाळीस वर्षे हे वेड केल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. जे स्वतःच्या नावाने बोलण्याची आम्हां बायकांना सोय नव्हती, ते दुसरीच्या नावाने बोलण्याचे निमित्त मालिकांनी आम्हाला दिले. ते कसे, हे क्रमाने सांगते.

मी १९७९ साली लग्न होऊन परतवाड्याहून घाट चढून येथे आले. तेव्हा आमच्या ओळीत कोणाकडेही दूरचित्रवाणी नव्हती. दिल्लीस ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली होती. मुंबईच्या पाहुण्या उन्हाळ्यात येथे हवापालटासाठी आल्या म्हणजे 'चिमणराव'मधील दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या गमती सांगत, आणि आम्ही न पाहताच हसत असू. आमच्याकडे होता तो रेडिओ, आणि चातुर्मासात पोथी. शेजारच्या आजींच्या पडवीत 'पांडवप्रताप' लागे. अध्याय जेथे संपे तेथून दुसऱ्या दिवशी पुढे सुरुवात होई. आता विचार करते तेव्हा वाटते की, पोथी हीच आमची पहिली मालिका. पोथी मिटल्यावर अर्धा तास ज्या गोष्टी चालत, त्यांसाठीच पुष्कळशा बायका येत असत. सासूने काय म्हटले, नवऱ्याने कोठे काय केले, हे सारे कुंतीच्या आणि गांधारीच्या आडोशाने बोलले जाई.

मालिका या प्रकाराचा जन्मही बायकांना डोळ्यांसमोर ठेवूनच झाला. अमेरिकेत १९३० च्या सुमारास रेडिओवर घरगुती कथा क्रमशः येऊ लागल्या. घरकाम करणाऱ्या बायका त्या ऐकतात, आणि साबण विकत घेणाऱ्याही त्याच, हे पाहून साबणाच्या कंपन्यांनी त्यांचा खर्च उचलला. म्हणून तिकडे अशा मालिकांना 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाचे संगीत नाटक, हे थट्टेचे नाव पडले. पुढे मेक्सिको देशात मिगेल साबिदो या निर्मात्याने १९७५ पासून याच साधनाचा उपयोग प्रौढ साक्षरतेसाठी आणि कुटुंबनियोजनासाठी करून दाखविला. तो प्रयोग भारतात आणण्यात आपल्या वऱ्हाडाशी संबंध असलेल्या एका माणसाचा हात होता, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल. श्री. वसंत साठे हे आधी अकोल्याचे आणि नंतर वर्ध्याचे खासदार. १९८० ते १९८२ या काळात ते केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. रंगीत प्रक्षेपणासाठी त्यांनी आग्रह धरला, आणि ते १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाले. मेक्सिकोतील मालिका पाहून तसे काही आपल्याकडे व्हावे, ही कल्पना त्यांनीच उचलून धरली. तिच्यातून ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलत. दीड वर्षात त्या मालिकेला प्रेक्षकांची चार लाखांच्या आसपास पत्रे आली असे सांगतात. पत्रे लिहिणाऱ्यांनी आपल्या घरच्या अडचणी लिहिल्या होत्या. पोथीनंतरचा तो अर्धा तास पोस्टाने दिल्लीला जाऊ लागला, एवढाच माझ्या मते फरक.

आमच्या ओळीत पहिला संच आला तो याच सुमारास. संच कृष्णधवल होता. छपरावर अँटेना बसविली होती, आणि वानरांनी तिच्यावर उड्या मारल्या म्हणजे चित्राच्या जागी मुंग्या दिसू लागत. मग एका मुलाने वर चढावयाचे, दुसऱ्याने अंगणात उभे राहावयाचे आणि आम्ही आतून "आलं, आलं, गेलं" असे ओरडावयाचे. पावसाळ्यात येथले धुके घरात शिरते, वीज दिवसदिवस नसते. त्यासाठी घरमालकांनी मोटारीची बॅटरी आणून ठेवली होती. तिच्यावर तो संच चाले. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी त्या घरात पाय ठेवावयास जागा उरेनाशी झाली. ज्यांच्याकडे एरवी आम्ही हळदीकुंकवालाही जात नव्हतो, त्या घरच्या बायका आमच्या मांडीला मांडी लावून बसू लागल्या.

आता मला त्या रविवारचे सांगावयाचे आहे, ज्यासाठी मी हा लेख घेतला.

'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत चालले. आपल्या गावाला त्यात एक खास ओढ होती. आपले गाव म्हणजे कीचकदरा. भीमाने कीचकाला येथे मारून दरीत लोटले आणि भीमकुंडात हात धुतले, अशी कथा आपण लेकरांना सांगत आलो. जवळच्या वैराटाचे नाव विराट राजाशी जोडले जाते. त्यामुळे कीचकवधाचा भाग लागणार असे कळल्यावर आसपासच्या खेड्यांतूनही माणसे आली. संच खिडकीत ठेवला आणि सारे अंगणात बसलो. शरत सक्सेना यांनी कीचकाचे आणि रूपा गांगुली यांनी द्रौपदीचे काम केले होते. कथा सर्वांना ठाऊक होती. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या वाड्यात चाकरी करते, कीचक हा राणीचा भाऊ, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागावी तर भर दरबारात तिला गप्प राहण्याचा सल्ला मिळतो. "थे धर्मराज पाय कसे चूप बसले," असे आजी मोठ्याने म्हणाल्या आणि पुरुषमंडळी हसली.

भाग संपला, पुरुष उठून गेले. आम्ही बायका रेंगाळलो, नेहमीप्रमाणे. मुलांनी "आपल्या गावाचा कीचक" म्हणून धुडगूस घातला होता. तेवढ्यात आमच्यातील एक तरुण मुलगी खाली मान घालून म्हणाली, "कीचक काय एकट्या दुरपतीलेच भेटला का वो माय?"

कोणी काही बोलले नाही. ती मुलगी कामाला जात असे. कोठे, ते मी लिहीत नाही. तिने मागील दोन महिन्यांत तीनदा रजा काढली होती आणि घरी अंगदुखीचे कारण सांगितले होते, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता. आजींनी तिला जवळ घेतले. पुष्कळ वेळाने ती बोलली, आणि जे बोलली त्यात एकदाही तिने त्या माणसाचे नाव घेतले नाही. ती शेवटपर्यंत "कीचक" असेच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर कामाच्या ठिकाणी गेलो. भांडण केले नाही. तिच्या शेजारी बाकावर दिवसभर बसून राहिलो आणि स्वेटर विणले. तिसऱ्या दिवशीही बसलो. आठवड्याच्या शेवटी तो माणूस तिच्याशी बोलताना दहा हात दूर उभा राहू लागला, आणि पुढे त्याची बदली झाली. त्या काळी अशा त्रासाला कायद्यात स्वतंत्र असे नावही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्याचा निकाल दिला तो १९९७ साली, आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा झाला तो २०१३ साली. आम्हाला शब्द मिळाला तो पोथीतला आणि दूरचित्रवाणीवरचा.

मंडळाच्या दप्तरात स्थापनेची जी तारीख आहे, ती बरोबरच आहे. नोंदणी तेव्हाच झाली. परंतु माझ्या मनात मंडळ सुरू झाले ते त्या बाकावर.

याच कथेने असे काम पूर्वीही एकदा केलेले आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. रंगमंचावर कीचक वावरत होता, पण प्रेक्षकांना त्यात लॉर्ड कर्झन दिसत होते. सरकारच्याही ते लक्षात आले आणि १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली गेली. ज्यांना उघड बोलण्याची बंदी असते ते कथेच्या आडून बोलतात. पारतंत्र्यात पुरुषांनी ते केले, त्याला आपण देशभक्ती म्हणतो. संसारात बायका तेच करतात, त्याला मालिकावेड म्हणतात.

पुढला काळ वेगाने बदलला. दूरदर्शनवर प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी' आली आणि मराठी मालिका रोज दिसू लागली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, आणि तिच्यावरील 'आभाळमाया'त सुकन्या कुलकर्णी यांची सुधा, नोकरी करणारी, दोन मुलींची आई, आमच्या घरातील झाली. २००० साली ईटीव्ही मराठी आली. तिच्यावर २००१ साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालली. तिचे तीन हजारांवर भाग झाले. नाव चार दिवसांचे आणि चालली अकरा वर्षे! तेवढ्यात माझ्या मुलीचे शाळा-कॉलेज, लग्न आणि बाळंतपण झाले.

त्यानंतर २२ ऑगस्ट २०१६ रोजी 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. नागपूरकडची राधिका लग्न होऊन ठाण्यात राहते, तिचा नवरा दुसरीच्या नादी लागतो, आणि पुढे ती मसाल्यांचा धंदा उभारून स्वतःच्या पायावर उभी राहते, अशी ती गोष्ट. काम करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिककडच्या, पण बोलणे आपल्या बाजूचे. पहिल्या दिवशी शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "अवो, हे तं आपल्यावानीच बोलते!" ती बोली नागपूरकडची होती, आपली ठेवणीतली वऱ्हाडी नव्हे, हे खरे. पण तोपर्यंत आपल्याकडची बोली पडद्यावर आली म्हणजे ती हसविण्यासाठी. आपल्या अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे यांनी तिच्या जोरावर साऱ्या महाराष्ट्राला हसविले, त्याचा आपल्याला अभिमानच आहे. परंतु या बोलीत एक बाई रडते, हिशेब करते, कारखाना काढते, हे आम्ही प्रथम पाहिले. माझी सून पुण्याची. तिच्यासमोर मी आजवर "मला, तुला" असे जपून बोलत असे. राधिका पाहू लागल्यापासून "मले, तुले" तोंडून निघाले तरी मला लाज वाटेनाशी झाली.

मग २३ डिसेंबर २०१९ रोजी 'आई कुठे काय करते' आली. मूळ गोष्ट 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षे संसार करते, नवऱ्याचे दुसरीकडे लक्ष आहे हे तिला लग्नाच्या वाढदिवशी कळते, आणि ती घटस्फोट घेऊन गाण्याकडे वळते. आमच्या मंडळात या मालिकेवरून दोन तट पडले. एक भगिनी तर हट्टाने सांगत की, अरुंधतीने घर सोडावयास नको होते, मुलांकडे पाहावयाचे होते. रोज त्या भांडत. एके दिवशी त्यांनी वाद थांबविला आणि म्हणाल्या, "गेली तं बरंच झालं." दोन दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की, बँकेत आपल्या एकटीच्या नावाने खाते उघडावयाचे असल्यास कोणते कागद लागतात. मी कारण विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आम्ही दोघी जाऊन खाते उघडून आलो. त्या घर सोडून गेल्या नाहीत. पण त्या खात्यात दरमहा काही पडते, आणि त्या आता वाद करताना पूर्वीइतक्या चिडत नाहीत.

इतके गुणगान केल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. मालिका ओढून-ताणून लांबवितात. सुनेला छळणारी बाई कपाळाला मोठी टिकली लावून कट करते, आणि सोसणारीला देवी ठरवितात. मी हे सर्व जाणते आणि तरी पाहते. पण एक दोष केवळ त्यांचा नाही, तो आपला आहे. २०१२ साली झी मराठीवर 'उंच माझा झोका' आली. रमाबाई रानडे यांची ती गोष्ट. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी घरच्या बायकांचा विरोध सोसून लिहावयास शिकते आणि पुढे, १९०९ साली, पुण्यात सेवासदन उभे करते. ती मालिका आम्ही प्रेमाने पाहिली. २०२० साली सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' आली. अश्विनी कासार सावित्रीबाई झाल्या होत्या आणि ओंकार गोवर्धन जोतीराव. त्याच डिसेंबरात, पुरेसा प्रेक्षक न मिळाल्याने, ती बंद झाली. दर ३ जानेवारीला आपण मंडळात सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो, भाषणे करतो. त्या वर्षी संध्याकाळी त्या आपल्या घरी यावयास तयार होत्या, तर मी दुसऱ्या वाहिनीवर होते. पुढे अरुंधतीशी लग्न करणारा आशुतोष म्हणून त्याच ओंकार गोवर्धन यांना आम्ही डोक्यावर घेतले. कोणती मालिका जगावी आणि कोणती मरावी, हे निवडक घरांत बसविलेल्या मापकांवरून ठरते, हे मला ठाऊक आहे. तसले यंत्र माझ्या घरात नाही. तरीही माझा त्यात काही भाग नव्हता, असे मला म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे धुणीभांडी करावयास येणारी कोरकू बाई कधीकधी दारात टेकून माझ्याबरोबर मालिका पाहते. राधिकेचे बोलणे ऐकून मी हरखले तेव्हा तीही हसली होती. नंतर तिने सहज विचारले, "बाई, आमच्या बोलीतली कधी लागन?" मला उत्तर देता आले नाही. मेळघाटात इतकी माणसे ही भाषा बोलतात, पण रात्री आठ वाजता कोरकूत बोलणारी नायिका मी तरी अजून पाहिलेली नाही. आपली बोली कानी पडल्यावर मला जो आनंद झाला, तो तिच्या वाट्याला आला नाही, हे तिने विचारीपर्यंत माझ्या डोक्यातही आले नव्हते.

आता घरोघरी संच आहेत, आणि संचही मागे पडून ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी 'ठरलं तर मग' सुरू झाली. आश्रमात वाढलेली सायली, तिच्या मधुभाऊंवर आलेला खुनाचा खोटा आळ, आणि त्यांचा खटला चालावा म्हणून वकील अर्जुनशी तिने केलेले करारावरचे लग्न, यांत मी पुरती गुंतले. तिच्यातील पूर्णा आजीचे काम करणाऱ्या ज्योती चांदेकर १६ ऑगस्ट २०२५ रोजी वारल्या. ती बातमी मी एकटीने मोबाईलवर वाचली आणि एकटीने डोळे पुसले. पूर्वी असते तर अंगणात तीस बायका असत्या. मालिका पूर्वीपेक्षा पुष्कळ झाल्या आहेत, आणि ती संपल्यावरचा अर्धा तास मात्र नाहीसा झाला आहे. त्या मुलीने तो प्रश्न एकटीने मोबाईलपुढे विचारला असता, तर तिच्याबरोबर बाकावर कोण बसले असते?

म्हणून भगिनींनो, या वर्धापनदिनी माझी एक सूचना आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या खोलीत संच लावावा. मालिका कोणतीही असो, ती सर्वांनी मिळून पाहावी, धुणीभांडी करणाऱ्या बायकांनाही बोलवावे, आणि ती संपल्यावर संच बंद करून दिवा मात्र तसाच ठेवावा. चहाची व्यवस्था मी करीन.

चिटणीसबाईंना ही सूचना मी त्याच दिवशी सांगितली. "सभेपुढे ठेवते," असे त्या म्हणाल्या आणि उठल्या. तेवढ्यात जाहिराती संपल्या. त्या दारापाशी थांबल्या, मग परत येऊन बसल्या. भाग संपल्यावरही त्या लगेच गेल्या नाहीत. आम्ही बराच वेळ बोलत होतो. काय बोललो, ते स्मरणिकेत लिहावयाचे नाही.